बारा आसनें आणि पांच शब्द

२०२४ च्या जून महिन्याच्या अखेरीस कांहीं घरगुती कामासाठीं इंदापूर तालुक्यांतील शेळगांवास जाण्याचा योग आला. लोकसभेची निवडणूक नुकतीच आटोपली होती, आणि बारामती मतदारसंघांतील लढतीची चर्चा अद्याप कोणाच्याहि ओसरीवरून उठली नव्हती. एकाच घराण्यांतील नणंद आणि भावजय एकमेकींसमोर उभ्या राहिलेल्या; मत कोणाच्या पदरांत टाकावें ह्या पेंचानें घरोघर दोन तट पडलेले. ४ जूनला निकाल लागला आणि सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनीं विजयी झाल्या. त्यानंतर चौदाच दिवसांनीं, १८ जूनला, पराभूत झालेल्या सुनेत्रा पवार राज्यसभेवर बिनविरोध निवडून आल्या. त्यांचे पति अजित पवार हे त्या वेळीं राज्याचे उपमुख्यमंत्री होते.

आमच्या यजमानांच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. सारा गांव त्यांना गुरुजी म्हणतो. संध्याकाळीं ते भेटावयास आले, आणि पावसापाण्याच्या दोन गोष्टी झाल्यावर त्यांनीं चहाचा कप खालीं ठेवून विचारलें, ‘आम्हीं मतें दिलीं, तीं मोजलीं, निकाल लागला. मग पंधरा दिवसांच्या आंत दिल्लीचें दार दुसऱ्या बाजूनें कसें उघडलें?’ आम्ही त्यांना राज्यसभेची निवडणूक कशी होते तें सांगूं लागलों. त्यांनीं हात वर केला. ‘तें मला ठाऊक आहे. नागरिकशास्त्र मींच शिकवीत होतों. माझा खरा प्रश्न पुढेंच आहे. विधानपरिषदेंत साहित्यिकांसाठीं, कलावंतांसाठीं जागा असतात, असें मीं मुलांना इतकीं वर्षें सांगितलें. त्या जागा चार वर्षें रिकाम्या आहेत असें वाचतों. तुम्ही मासिकांतून लिहितां. तुमचें आसन ओस पडलें आहे, आणि तुम्हां लोकांपैकीं कोणी ओरडत कसें नाहीं?’

ह्या प्रश्नाला त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. वाङ्मयचर्चेस वाहिलेल्या मासिकांत घटनेच्या एका कलमाचें परीक्षण पाहून ज्या वाचकांस नवल वाटेल, त्यांनीं हा लेख म्हणजे गुरुजींना दिलेलें उशिराचें उत्तर समजावें. शिवाय ज्या वाक्याची येथें चर्चा करावयाची आहे त्याचा पहिला शब्दच ‘साहित्य’ हा आहे.

प्रथम गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लावूं. लोकांनीं नाकारलेल्या उमेदवारास वरिष्ठ सभागृहांत घेऊं नये, असा नियम कोठेंहि नाहीं आणि तो असूंहि नये. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईंत पराभूत झाले, आणि त्याच वर्षीं मुंबई राज्यांतून ते राज्यसभेवर निवडून गेले. १९५४ त भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींत त्यांचा पुन्हां पराभव झाला. १९५६ त त्यांचें निधन झालें तेव्हां ते राज्यसभेचेच सभासद होते. हें दुसरें दार त्या वेळीं नसतें तर संसदेचें केवढें नुकसान झालें असतें! घटना समितींत दुसऱ्या सभागृहाचें समर्थन करतांना गोपालस्वामी अय्यंगार ह्यांनीं, ऐन राजकीय धुमश्चक्रींत नसलेल्या परंतु अनुभवानें पिकलेल्या माणसांचा उपयोग राष्ट्रास व्हावा, हा हेतु सांगितला होता तो हाच. सुनेत्रा पवार ह्यांनीं काटेवाडींत ग्रामस्वच्छतेचें जें काम केलें तें बारामती-इंदापूरच्या लोकांस ठाऊक आहे, आणि त्यांच्या योग्यतेविषयीं आमची तक्रार नाहीं.

तक्रार आहे ती जागा रिकामी कशी झाली, ह्याविषयीं. प्रफुल्ल पटेल ह्यांची राज्यसभेची मुदत २०२८ च्या जुलैपर्यंत होती. ती शिल्लक असतांच ते फेब्रुवारी २०२४ मध्यें दुसऱ्या सहा वर्षांच्या जागेवर निवडून आले आणि पहिली जागा त्यांनीं सोडून दिली. पक्ष दुभंगल्यानंतरच्या अपात्रतेच्या वादाची त्याला पार्श्वभूमि होती, असें त्या वेळीं सर्वत्र बोललें गेलें. कारण कांहींहि असो, सभासद आणि सभागृह तेंच राहून एक आसन मोकळें झालें, आणि तें कोणास द्यावयाचें हें एका पक्षाच्या बैठकींत ठरलें. शेळगांवच्या मतदाराला जो विस्मय वाटला तो ह्या हातचलाखीचा. तींत बेकायदेशीर कांहीं नव्हतें, म्हणूनच तो विस्मय अधिक.

राज्यसभेच्या महाराष्ट्रांतील एकोणीस जागांचा इतिहास मोठा रंजक आहे, पण येथें त्यांतील दोन प्रसंग पुरे. १९९८ त काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पक्षाच्याच कांहीं आमदारांनीं मतें फिरविल्यामुळें पडले. अशा प्रकारांस आळा बसावा म्हणून २००३ त कायदा बदलण्यांत आला. आमदारानें आपली मतपत्रिका पेटींत टाकण्यापूर्वीं पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी असें ठरलें, आणि उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असावा ही जुनी अटहि काढून टाकली. २००६ त सर्वोच्च न्यायालयानें हे दोन्ही बदल वैध ठरविले. परिणाम काय झाला? १० जून २०२२ रोजीं चोवीस वर्षांनंतर प्रथमच ह्या राज्यांत राज्यसभेसाठीं मतदान झालें. सहा जागा, सात उमेदवार. शिवसेनेचे संजय पवार ह्यांना पहिल्या पसंतीचीं ३३ मतें होतीं आणि भाजपचे धनंजय महाडिक ह्यांना २७. तरीहि दुसऱ्या पसंतीच्या बेरजेनें महाडिक निवडून आले. दहा दिवसांनीं विधानपरिषदेचें मतदान झालें आणि त्याच रात्रीं एकनाथ शिंदे कांहीं आमदारांसह सुरतेच्या वाटेला लागले. ३० जूनला तेच मुख्यमंत्री झाले. राज्यसभेचें एक आसन हें सरकारच्या पायाखालचा कोणता दगड हालतो तें दाखविणारें जणूं यंत्रच ठरलें.

जातां जातां एक गंमत सांगावीशी वाटते. २०२२ च्या त्या सहा विजयी उमेदवारांत एक कवि होता. परंतु तो मराठी कवि नव्हे. उत्तर प्रदेशांतील प्रतापगडचे उर्दू शायर इम्रान प्रतापगढी हे काँग्रेसतर्फे महाराष्ट्रांतून निवडून गेले. रहिवासाची अट गेल्याचा वाङ्मयाला झालेला लाभ म्हणावयाचा तर एवढाच!

अमेरिकेंतहि हा रोग जुना आहे. तेथें १९१३ च्या घटनादुरुस्तीपूर्वीं सेनेटचे सभासद राज्यांचीं विधिमंडळें निवडीत, आणि त्या निवडणुकींतील भांडणांमुळें १९०१ ते १९०३ ह्या काळांत डेलावेअर राज्याला सेनेटमध्यें एकहि प्रतिनिधि नव्हता. पुढें निवड लोकांच्या हातीं गेली; मात्र मुदतीच्या मध्यें जागा रिकामी झाल्यास ती तात्पुरती भरण्याचा अधिकार बहुतेक राज्यांत गव्हर्नरकडे राहिला. बराक ओबामा अध्यक्ष निवडले गेल्यावर इलिनॉय राज्यांतील त्यांची जागा विकूं पाहिल्याच्या आरोपावरून गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच ह्यांना डिसेंबर २००८ मध्यें अटक झाली, आणि पुढच्याच महिन्यांत त्यांस पदावरून दूर करण्यांत आलें. मधल्या दिवसांत त्यांनीं ती जागा रोलंड बरिस ह्यांना देऊनहि टाकली होती. तेथील गव्हर्नर जागा भरण्याची घाई करून गोत्यांत आला. आमच्याकडचा प्रकार ह्याच्या अगदीं उलट आहे, आणि त्यासाठींच आतां मूळ वाक्याकडे वळलें पाहिजे.

महाराष्ट्राच्या विधानपरिषदेंत ७८ आसनें आहेत. ३० विधानसभेचे आमदार भरतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक. उरलेलीं १२ आसनें राज्यपालांनीं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें भरावयाचीं. तीं कोणांतून भरावीं हें घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाच्या पांचव्या खंडांत सांगितलें आहे. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांसारख्या विषयांचें विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव ज्यांस आहे, अशा व्यक्तींतून. राज्यसभेवर राष्ट्रपति जे बारा सभासद नेमतात त्यांच्यासंबंधीं ८० व्या अनुच्छेदांत जवळजवळ हेंच वाक्य आहे. फरक एका शब्दाचा. तेथें ‘सहकारी चळवळ’ नाहीं.

हा एक शब्द फार अर्थपूर्ण आहे. ज्या मुलखांत नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्या बारामती-इंदापुरास सहकाराचें ज्ञान म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. गळिताचा हंगाम लांबला तर काय होतें, सभासदाचें देणें थकलें तर गांवांत काय बोललें जातें, हें ज्यानें वीस वर्षें अनुभवलें त्याला सभागृहांत स्थान असावें, ही घटनाकारांची दृष्टि खरोखर डोळस होती. मसुद्यांत तर राज्यसभेसाठीं शेती, मत्स्यव्यवसाय, स्थापत्य अशीं सदरेंहि होतीं. तीं शेवटच्या आकारांत गळालीं, पण आशय तोच राहिला. मतें मिळविण्याची कला ज्यांना साधत नाहीं किंवा रुचत नाहीं, पण ज्यांच्यावांचून चर्चा आंधळी होईल, अशा माणसांना बोलावून आणावें.

आणि आरंभीं तशीं माणसें आलींहि. महामहोपाध्याय पां. वा. काणे १९५३ पासून १९५९ पर्यंत राज्यसभेचे नियुक्त सभासद होते. हिंदु विवाहाचा कायदा १९५५ त आणि वारसाचा कायदा १९५६ त संमत झाला, तेव्हां धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा हा पंडित त्या सभागृहाचा सभासद होता! वाक्याचा अर्थ ह्याहून स्पष्ट कोणता दाखवावा? मामा वरेरकर १९५६ पासून १९६४ त निधन होईपर्यंत तेथें होते. काकासाहेब कालेलकर पहिल्या राज्यसभेपासून होते. मुंबईच्या विधानपरिषदेंत ग. दि. माडगूळकर १९६२ ते १९७४ अशीं बारा वर्षें बसले. १९७८ त ना. धों. महानोर आले, पळसखेडच्या शेतांत राबणारा हा कवि साहित्य आणि शेती ह्या दोहोंचा अनुभव एकाच पिशवींत घेऊन आला होता. हे सर्वजण राजकारणापासून अलिप्त होते असा आमचा दावा नाहीं. माडगूळकरांचा काँग्रेसकडे ओढा होता, आणि महानोरांचा स्नेह कोणाशीं होता हेंहि सर्वश्रुत आहे. पण पक्षानें त्यांना बोलाविलें तें त्यांच्या पूर्वीच्या कामगिरीमुळें. आसन मिळाल्यामुळें त्यांना नांव मिळालें नाहीं.

मग हें वाक्य कोठें बिघडलें? आमच्या मतें त्यांत दोन मौनें आहेत. विशेष ज्ञान आहे किंवा नाहीं हें कोणी आणि कशावरून ठरवावयाचें, ह्याविषयीं तें बोलत नाहीं. आणि आसन किती दिवसांत भरावयाचें, ह्याविषयींहि बोलत नाहीं. पहिल्या मौनांत पक्ष शिरले, दुसऱ्यांत राजभवन. शिवाय शेवटचा शब्द ‘समाजसेवा’ हा धान्याच्या पोत्यासारखा आहे. त्यांत काय घालावें आणि काय घालूं नये ह्याला मर्यादाच नाहीं. ज्यानें एकदां पंचायतीची निवडणूक लढविली त्यानें समाजसेवा केली नाहीं असें कोण म्हणेल? ह्या पांचव्या शब्दानें हळूहळू पहिले चार गिळून टाकले.

ह्या वाक्याची खरी कसोटी २०२० त लागली. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजीं मुख्यमंत्री झाले तेव्हां ते कोणत्याहि सभागृहाचे सभासद नव्हते. सहा महिन्यांत होणें आवश्यक होतें. मध्यें महामारी आली आणि निवडणुका थांबल्या. मंत्रिमंडळानें ९ एप्रिलला, आणि पुन्हां २७ एप्रिलला, राज्यपाल-नियुक्तांच्या रिकाम्या जागेवर त्यांचें नांव सुचविलें. पांच शब्दांपैकीं कोणत्या शब्दाखालीं? ते छायाचित्रकार आहेत, तेव्हां ‘कला’ ह्या सदरांत बसतात, अशी चर्चा त्या दिवसांत गंभीरपणें झाली. गडकिल्ल्यांचीं त्यांनीं आकाशांतून घेतलेलीं छायाचित्रें चांगलीं आहेत, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. परंतु त्या छायाचित्रांची आठवण मुख्यमंत्रिपद धोक्यांत आल्यावरच व्हावी, ह्यावरून वाक्याची काय दशा झाली आहे तें दिसतें. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी ह्यांनीं निर्णय केला नाहीं. अखेर निवडणूक आयोगानें परवानगी दिली आणि १४ मे रोजीं ठाकरे परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

जून २०२० मध्यें बाराहि आसनें मोकळीं झालीं. ६ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाची यादी राजभवनांत पोंचली. तींत बारा नांवें होतीं; तीन पक्षांचीं प्रत्येकीं चार. वाचकांनीं ह्या भागाकाराकडे लक्ष द्यावें. घटनेनें क्षेत्रें पांच सांगितलीं आणि यादीनें भाजक घेतला तीन. गायक आनंद शिंदे आणि अनिरुद्ध वनकर, नटी उर्मिला मातोंडकर अशीं कलेचीं नांवें तींत होतीं, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. आनंद शिंद्यांचा आवाज ज्या वस्त्यांत पोंचला तेथें आमच्यासारख्यांचीं मासिकें पोंचत नाहींत. त्यांच्या नांवास आमची हरकत कशी असेल? परंतु त्याच यादींत, ज्यांनीं १४ दिवसांपूर्वीं, २३ ऑक्टोबरला, पक्ष बदलला होता ते जुने मंत्री एकनाथ खडसेहि होते. येथें समाजसेवेचें पोतें कामास आलें.

राज्यपालांनीं ती यादी मान्य केली नाहीं आणि परतहि पाठविली नाहीं. तिच्यावर ते बसून राहिले. १३ ऑगस्ट २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं राज्यपालांनीं शिफारस स्वीकारावी किंवा परत पाठवावी, पण वाजवी मुदतींत कांहीं तरी करावें. आठ महिने हा काळ वाजवी म्हणतां येत नाहीं. मात्र राज्यपाल न्यायालयास उत्तरदायी नसल्यामुळें न्यायालयानें त्यांना आज्ञा केली नाहीं. निकाल झाला, आसनें तशींच राहिलीं. सरकार बदललें. सप्टेंबर २०२२ मध्यें नव्या सरकारनें जुनी यादी मागें घेतली, आणि ज्या राज्यपालांना ती स्वीकारण्यास बावीस महिने पुरले नाहींत त्यांनीं ती मागें घेण्यास तत्काळ संमति दिली. मग सर्वोच्च न्यायालयानें नेमणुकांस स्थगिति दिली. ती जुलै २०२३ मध्यें उठली. त्यानंतरहि सव्वा वर्ष गेलें. ७ जुलै २०२२ पासून तर सभापतींचें आसनहि ओस होतें. तें राम शिंदे ह्यांच्या निवडीनें १९ डिसेंबर २०२४ रोजीं भरलें. ज्या सभागृहाची गरजच काय, असा प्रश्न कांहीं लोक नेहमींच विचारतात, त्या सभागृहानें आपला असा देखावा मांडावा ह्याहून त्याच्या शत्रूंस अधिक काय हवें होतें?

१५ ऑक्टोबर २०२४ रोजीं दुपारीं विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा व्हावयाची होती. त्याच दिवशीं, घोषणेच्या आधीं, सात नियुक्त सभासदांचा शपथविधि उरकण्यांत आला. भाजपचे तीन, शिंदे ह्यांच्या शिवसेनेचे दोन, अजित पवार ह्यांच्या राष्ट्रवादीचे दोन. भाजक पुन्हां तीन. ह्या सातांत माजी खासदार होते, माजी आमदार होते, माजी महापौर होते, पक्षांचे पदाधिकारी होते, एक धर्मगुरु होते. साहित्यिक म्हणून महाराष्ट्र ज्याला ओळखतो असें नांव एकहि नव्हतें. उरलेलीं पांच आसनें त्या दिवशीं रिकामीं ठेवलीं गेलीं. ९ जानेवारी २०२५ रोजीं, जुनी यादी मागें घेण्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयानें फेटाळली.

आतां गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नास टाळतां येत नाहीं. साहित्यिक ओरडले कां नाहींत? त्या चार वर्षांत साहित्यसंमेलनें झालीं, अध्यक्षीय भाषणें झालीं, मराठीच्या अभिजात दर्जाचा उत्सवहि झाला. त्या सर्व गर्दींत ही एक मागणी कधीं ठळकपणें उमटली नाहीं कीं पक्षांनीं घटनेचा पहिला शब्द वाचावा. आम्हांस ह्याचीं दोन कारणें दिसतात आणि दोन्ही सांगतांना संकोच वाटतो. एक, आम्हां लिहिणारांना असें वाटतें कीं अशी मागणी केली तर ती स्वतःसाठीं केली असें लोक म्हणतील. ही भीति सभ्यपणाची असेल, पण ती सोयीचीहि आहे. दुसरें, सभागृहांत काय चालतें ह्याचें आम्हांस खरोखर कुतूहल उरलेलें नाहीं. शाळा बंद होतात, ग्रंथालयांचें अनुदान अडतें, ह्यांवर आम्ही लेख लिहितों. पण ज्या खोलींत त्यांचा निर्णय होतो तेथें आमचें आसन आहे हें विसरतों. माडगूळकर बारा वर्षें त्या खोलींत बसले, त्यांचें गीतकारपण कांहीं कमी झालें नाहीं.

दोष सगळा पक्षांवर टाकून हात धुवावे असें म्हणूनच वाटत नाहीं. उपाय म्हणून आमची मागणी लहान आहे आणि तिला घटनादुरुस्ती लागत नाहीं. राजभवनाकडे जाणारी यादी त्याच दिवशीं प्रसिद्ध व्हावी, आणि प्रत्येक नांवापुढें पांच शब्दांपैकीं कोणता शब्द आणि कोणतें काम हें दोन ओळींत लिहावें. ज्याला त्या दोन ओळी लिहितां येणार नाहींत, त्याचें नांव लिहितांना हात थोडा तरी अडखळेल. मुदतीचा प्रश्न उरतोच. त्यावर न्यायालयाचा ‘वाजवी’ हा शब्द अपुरा पडला हें आपण पाहिलें आहे, आणि येथें महिन्यांची संख्या कायद्यांत लिहिल्यावांचून भागेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ऑक्टोबर २०२४ च्या त्या नेमणुकांनंतर आम्हीं सात नांवांची यादी शेळगांवीं गुरुजींकडे पाठविली आणि हें सर्व थोडक्यांत कळविलें. आठ दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें. वहीच्या पानावर त्यांनीं पट्टीनें पांच रकाने आखले होते, वर पांच शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, आणि सातहि नांवें आपल्या समजुतीप्रमाणें बसविलीं होतीं. पहिला रकाना कोरा होता. खालीं एक ओळ होती: ‘मुलांना आतां कसें शिकवावें, तें कळवावें, शेजारच्या नातवाचें नागरिकशास्त्र माझ्याकडेच आहे.’